‘बॅग उघडा’ : सार्वजनिक वाहतुकीतील झडती, गुन्ह्यांचे आकडे आणि कायदा

या पाठाची सुरुवात आपण एका प्रेशर कुकरपासून करू.

१९ नोव्हेंबर २०२२ चा दिवस. संध्याकाळी मंगळुरू शहरात एका चालत्या रिक्षात स्फोट झाला. चालक आणि मागे बसलेला प्रवासी असे दोघेही भाजले. प्रवाशाच्या बॅगेत कुकर होता आणि कुकरात स्फोटके. पोलिसांनी पुढे जे सांगितले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हा प्रवासी म्हैसूरमध्ये दुसऱ्याच्याच आधार कार्डावर भाड्याची खोली घेऊन राहत होता आणि त्या दिवशी ती बॅग घेऊन तो म्हैसूरहून बसने मंगळुरूला आला होता. सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास, शेजारच्या सीटवर कोणीतरी डुलकी घेत असेल, आणि बॅगेत तो कुकर.

आता तुम्हीच विचार करा. बसमध्ये कुकर घेऊन जाणारा माणूस कोणाला खटकेल? वसतिगृह सोडून खोली करणारा विद्यार्थी कुकर नेतो, लेकीकडे निघालेली आई कुकर नेते. तरीही बातमी वाचताना बहुतेकांच्या मनात एकच विचार आला असेल : म्हैसूरच्या स्थानकावर बॅगा तपासल्या असत्या तर हे टळले असते. हेच उत्तर आपल्याला या पाठात तपासून पाहायचे आहे. त्यासाठी थोडे गणित लागेल, थोडा कायदा लागेल, आणि सुरुवातीला ‘गुन्हे वाढले’ हे वाक्य नीट वाचावे लागेल, कारण सरसकट तपासणीची मागणी बहुतेक वेळा याच वाक्याच्या पाठोपाठ येते.

‘गुन्हे वाढले’ म्हणजे नेमके काय वाढले?

वर्तमानपत्रात ‘लोकलमधील मोबाईल चोऱ्यांत मोठी वाढ’ असा मथळा तुम्ही वाचला असेल. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर गेल्या दशकाच्या उत्तरार्धात असे झालेही. एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जाताना मोबाईल चोरीच्या नोंदी काही पटींनी वाढल्या. चोरांची संख्या एका वर्षात इतकी वाढली होती का? नाही. आधी लोहमार्ग पोलिसांकडे गेलेल्या प्रवाशाच्या हाती बहुधा मोबाईल ‘गहाळ’ झाल्याचा दाखला पडे. विमा किंवा नवे सिमकार्ड मिळवायला तेवढा कागद पुरेसा असे आणि पोलीस ठाण्याचा गुन्ह्यांचा तक्ताही स्वच्छ राही. पुढे अशा तक्रारी चोरीचा गुन्हा म्हणून नोंदवण्याचे धोरण आले आणि आकडा उसळला. म्हणजे वाढली ती मुख्यतः नोंद. माझ्या मते ही चांगली बातमी होती, पण मथळ्यात ती वाईट बातमी म्हणून छापली गेली.

यामागचा कायदा लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात (२०१३) स्पष्ट केले की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की प्रथम खबरी अहवाल नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने यात एक नवा गुंता आणला आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे आणि असा गुन्हा अदखलपात्र गटात मोडतो. त्यामुळे पुढच्या काही वर्षांचे आकडे जुन्या आकड्यांच्या शेजारी मांडताना सांभाळून मांडावे लागतील. तक्ता तोच असला तरी रकान्याचा अर्थ बदललेला असू शकतो.

दुसरी खबरदारी छेदाची. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली महिलांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास सुरू झाला. महाराष्ट्रात त्याच वर्षी १७ मार्चपासून एस.टी.च्या तिकिटात महिलांना निम्मी सवलत मिळू लागली. दोन्हीकडे बस भरून वाहू लागल्या. दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरच्या स्थानकावर ज्याने बस पकडली आहे त्याला त्या गर्दीचे वर्णन सांगायला नको. गर्दी वाढली की चढताना गळ्यातली साखळी खेचणे सोपे होते, त्यामुळे चोऱ्या वाढणे साहजिक आहे. पण समजा प्रवासी ४० टक्क्यांनी वाढले आणि चोऱ्या ३० टक्क्यांनी (हे आकडे केवळ उदाहरणादाखल), तर एका प्रवाशाला असलेला धोका वाढला की घटला? १४० प्रवाशांमागे १३० चोऱ्या म्हणजे दर जवळपास सात टक्क्यांनी खाली आला. ‘चोऱ्या ३० टक्क्यांनी वाढल्या’ हे वाक्य खरे आहे आणि तरीही दिशाभूल करणारे आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘गुन्हे’ या एका शब्दाखाली पूर्णपणे वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. पाकीटमारी, मोबाईल हिसकावणे, छेडछाड, मारामारी, अमली पदार्थांची वाहतूक आणि बॉम्बस्फोट. यांतले किती गुन्हे बॅगेतून येतात? चोरलेला मोबाईल खिशात असतो आणि दिसायला तो कोणाच्याही मोबाईलसारखाच असतो. छेड काढणाऱ्याच्या बॅगेत डबा आणि छत्री असते. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत जे घडले ते बसच्या आत, बस चालवणाऱ्यांच्याच हातून घडले. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर–मुंबई एक्स्प्रेसमध्ये आपला वरिष्ठ आणि तीन प्रवासी अशा चौघांना गोळ्या घालून मारल्याचा आरोप आहे तो रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानावर, आणि ते शस्त्र सरकारी होते. बॅगांची तपासणी यांतले काहीच पकडत नाही.

हा घोळ फक्त आपल्याकडे होतो असे नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बॅग तपासणी सुरू झाली ती जुलै २००५ मध्ये, लंडनच्या स्फोटांनंतर, स्फोटके शोधण्यासाठी. मार्च २०२४ मध्ये तिथल्या गव्हर्नरांनी नॅशनल गार्डचे साडेसातशे जवान स्थानकांवर बॅगा तपासायला पाठवले, तेव्हा कारण दिले गेले ते भुयारी रेल्वेतल्या हिंसक गुन्ह्यांचे. बॉम्बसाठी बनवलेले साधन रोजच्या गुन्ह्यांवर वापरले गेले. लोकांना गणवेश दिसला की धीर येतो, हे खरे आहे आणि ते क्षुल्लकही नाही. पण धीर येणे आणि धोका कमी होणे या दोन गोष्टी आहेत, आणि त्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

टेबल, मिनिट आणि माणसे

आता गणिताकडे वळू. एका मोठ्या स्थानकात सकाळी सात ते अकरा या चार तासांत एक लाख प्रवासी बॅगेसह आत येतात असे समजा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे रोजचे प्रवासी सत्तर लाखांच्या घरात जातात, तेव्हा हा आकडा अवास्तव नाही. दारात पोलिसांची दोन टेबले आहेत. एक बॅग नीट पाहायला, म्हणजे नुसती चेन उघडून वरवर न बघता कुकर असला तर त्याचे झाकण काढून पाहायला, एक मिनिट लागते. एका टेबलावर तासाला ६० बॅगा, दोन टेबलांवर चार तासांत ४८० बॅगा. एक लाखात ४८० म्हणजे ०.४८ टक्के. तुमची बॅग उघडली जाण्याची शक्यता साधारण दोनशेत एक.

सगळ्यांच्याच बॅगा तपासायच्या ठरवल्या तर? एक लाख मिनिटे, म्हणजे सुमारे १,६६७ तास. चार तासांत ते उरकायला जवळपास ४१७ टेबले लागतील. फलाटावर तेवढी जागा नाही. दिल्ली मेट्रोत २००७ पासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सुरक्षा आहे आणि प्रत्येक बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते. ते शक्य होते, कारण मेट्रोची स्थानके बंदिस्त आहेत आणि दारे मोजकी आहेत. दादर किंवा कुर्ला स्थानकाला किती वाटा आहेत ते एकदा मोजून बघा. पूल, जिने, फलाटाच्या टोकाचा उतार, रुळांच्या बाजूची पायवाट. सरकारने देशभरातल्या २०२ रेल्वे स्थानकांसाठी एकात्मिक सुरक्षा योजना मंजूर केली. तीत कॅमेरे, प्रवेश नियंत्रण, सामान तपासणी आणि बॉम्बशोधक पथके हे सारे होते. पण ज्या स्थानकाला भिंतच नाही त्याचा प्रवेश नियंत्रित कसा करणार? म्हणूनच धातुशोधक चौकट उभी असते, प्रत्येक माणूस तिच्यातून गेला की ती वाजते, आणि कोणी वळूनही बघत नाही.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे गेली. आपल्या उदाहरणातल्या दराने त्या दिवशी तपासणी चालू असती आणि सात बॅगा सात ठिकाणांहून आत आल्या असत्या असे धरू. निदान एक तरी बॅग उघडली जाण्याची शक्यता किती? प्रत्येक बॅग सुटून जाण्याची शक्यता ०.९९५२. सातही सुटण्याची शक्यता ०.९९५२ चा सातवा घात, म्हणजे सुमारे ०.९६७. उरले ३.३ टक्के. शंभरात तीन वेळा. (त्या बॉम्बविषयी कुकरची कथा पुष्कळ वर्षे सांगितली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही आरोपींना निर्दोष ठरवताना म्हटले की बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते हेही अभियोग पक्षाने सिद्ध केले नाही. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांनी सांगितले. तेव्हा त्या कथेवर आपण काही उभारू नये.)

यावर तपासणीच्या बाजूने एक खरा युक्तिवाद आहे, आणि तो तुम्ही प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. तपासणीचा हेतू पकडणे हा नसून बिचकवणे हा आहे. महिनोन्महिने कट रचणाऱ्याला अनिश्चितता नको असते. कुठल्या दारात, कुठल्या वेळी तपासणी असेल हे ठाऊक नसेल तर तो बेत पुढे ढकलेल किंवा बदलेल. हे पटण्याजोगे आहे, पण त्यासाठी दोन अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. तपासणी खरोखर अनपेक्षित असायला हवी, रोज त्याच दारात त्याच टेबलावर नव्हे. आणि ती टाळणे सोपे नसावे. शेजारच्या पुलावरून कोणीही येऊ शकत असेल तर बिचकणार कोण? बिचकून माणूस दुसरीकडे गेला, तर त्या दुसरीकडच्या लोकांचे काय, हा प्रश्नही उरतोच.

यंत्राने काम सोपे होते का, हेही पाहू. समजा एखादे यंत्र शंभरातले नव्व्याण्णव बॉम्ब ओळखते आणि निरुपद्रवी बॅगांपैकी केवळ एक टक्का बॅगांवर चुकून वाजते. ऐकायला उत्तम. पण एक लाख बॅगांत एकच घातक असेल, तर यंत्र सुमारे १,००० वेळा चुकून वाजेल आणि एकदा बरोबर. यंत्र वाजल्यावर ती बॅग खरोखर घातक असण्याची शक्यता हजारात एक. संख्याशास्त्र शिकणाऱ्यांनी यात बेजचा सिद्धान्त ओळखला असेल. तपासणारा शिपाई तो सिद्धान्त न शिकताही ओळखतो, आणि म्हणून तिसऱ्या दिवसापासून यंत्र वाजले तरी मान वर करत नाही. तो आळशी आहे असे मला वाटत नाही. अनुभवाने तो शहाणा झाला आहे, आणि व्यवस्थेने त्याला चुकीच्या गोष्टीत शहाणे केले आहे.

पोलिसाला हा अधिकार आहे का?

आता कायदा. रेल्वे स्थानकावर तुम्हाला दोन प्रकारचे गणवेश दिसतात आणि त्यांच्यातला फरक माहीत असणे उपयोगाचे आहे. लोहमार्ग पोलीस हे राज्याचे पोलीस. ‘पोलीस’ हा विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीत आहे आणि त्यात रेल्वे पोलिसांचा स्पष्ट उल्लेख आहे. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे, १९५७ च्या कायद्याने बनलेले. एस.टी. स्थानकावर किंवा म्हैसूरच्या बस स्थानकावर तपासणी करतात ते स्थानिक पोलीस. महामंडळाचा सुरक्षारक्षक हा पोलीस नव्हे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) झडतीची कलमे वाचली तर जवळपास सगळीकडे एक पूर्वअट सापडते. अटक झाली असेल तर अंगझडती, कलम ४९. तपास चालू असताना विशिष्ट वस्तू विशिष्ट जागी आहे असे मानायला वाजवी कारण असेल, आणि ते कारण लिहून ठेवले असेल, तर कलम १८५. चोरीचा संशय असलेली वस्तू जप्त करायची तर कलम १०६. रेल्वे सुरक्षा दलाच्या कायद्याचे कलम १३ झडतीचा अधिकार देते, पण ‘मानण्यास कारण आहे’ हे शब्द तिथेही आहेत. रेल्वे कायदा, १९८९ चे कलम ६७ धोकादायक मालाचे पार्सल उघडू देते, तेही असाच विश्वास वाटण्यास कारण असेल तर. (हे कलम निरर्थक नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला उभ्या असलेल्या पर्यटक डब्याला आग लागून माणसे दगावली, त्या डब्यात बेकायदा नेलेला गॅस सिलिंडर होता.)

म्हणजे संशय आला तर अधिकार आहे. प्रश्न आहे तो संशय नसतानाचा. वाटेल त्या प्रवाशाची बॅग कारणाविना तपासता येईल असे एका वाक्यात सांगणारे कलम या संहितेत नाही. प्रत्यक्षात पोलीस आधार घेतात तो प्रतिबंधक अधिकारांचा. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून हस्तक्षेप करणे (कलम १६८), आणि त्या कामात दिलेल्या कायदेशीर सूचना पाळणे सर्वांवर बंधनकारक असणे (कलम १७२). महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ६८ देखील पोलिसांच्या वाजवी आज्ञा पाळायला सांगते. ‘कायदेशीर’ आणि ‘वाजवी’ या दोन विशेषणांवर सारा भार आहे.

याउलट विधिमंडळाला जेव्हा असा अधिकार द्यायचा असतो तेव्हा ते स्पष्ट शब्दांत देते. गोव्याहून बसने परतणाऱ्यांना बांदा–इन्सुलीच्या तपासणी नाक्याची आठवण असेल. राज्य उत्पादन शुल्क विभागाचे लोक बसमध्ये चढतात, बॅगा वर-खाली करतात. त्यामागे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ आहे, आणि तो वाहन थांबवून सामान तपासण्याचा अधिकार थेट देतो. तो कायदा तुम्हाला आवडो न आवडो, निदान तो वाचता येतो.

हा फरक का महत्त्वाचा? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यातला निर्णय झडतीच्याच संदर्भात याच्या उलट बोलला होता, तो त्या मुद्द्यापुरता रद्द ठरला. पुट्टस्वामीनंतर खासगीपणात हस्तक्षेप करणाऱ्या सरकारला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. यासाठी कायदा आहे का? हेतू योग्य आहे का? साधन त्या हेतूच्या प्रमाणात आहे का? सरसकट बॅग तपासणीचा हेतू निःसंशय योग्य आहे. प्रमाणाचे गणित आपण वर केले. पण ती अडखळते ती पहिल्याच पायरीवर, कारण तिला स्वतःचा असा कायदा नाही. माझे मत विचाराल तर असा कायदा व्हावा आणि त्यात मर्यादाही लिहिल्या जाव्यात. तो नसण्याने प्रवाशाचे नुकसान होते तसे प्रामाणिक पोलिसाचेही होते.

मर्यादा कशा असू शकतात याचा नमुना न्यूयॉर्कच्या खटल्यात मिळतो. मॅकवेड विरुद्ध केली या खटल्यात २००६ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ही तपासणी वैध ठरवली, पण तिचे स्वरूप पाहून. स्थानकाबाहेर सूचना लावलेली असे. नको असेल तर प्रवासी तपासणी नाकारून परत जाऊ शके. दर पाचवा किंवा दर दहावा माणूस अशा आकड्याने निवड होई. स्फोटक मावेल एवढीच पिशवी उघडली जाई, कागदपत्रे वाचली जात नसत, आणि सारे काही मिनिटांत, उघड्यावर, गणवेशातल्या पोलिसांकडून. टीकाकारांनी तेव्हाच विचारले की नाकारून परत जाता येते तर बॉम्बवाला दुसऱ्या दाराने येणार नाही का? बरोबर आहे. हक्क जपणारी प्रत्येक सवलत तपासणीची धार थोडी बोथट करते. हा ताण सुटत नाही, तो किती सोसायचा ते ठरवावे लागते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. बॉम्ब शोधायला उघडलेल्या बॅगेत गांजा सापडला तर? अमली पदार्थविरोधी कायद्याचे (१९८५) कलम ५० झडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याचा हक्क देते. पण हा हक्क अंगझडतीचा आहे, हातातली बॅग म्हणजे ‘अंग’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेश विरुद्ध पवनकुमार खटल्यात (२००५) म्हटले. शिवाय पूरणमल खटल्यापासून आपल्या न्यायालयांची भूमिका अशी की झडती बेकायदा असली तरी एवढ्याच कारणाने तिच्यात सापडलेला पुरावा बाद होत नाही. अमेरिकेत बेकायदा झडतीतला पुरावा सहसा वापरता येत नाही. त्यामुळे तिथला पोलीस नियम पाळतो तो निदान खटला टिकावा म्हणून. आपल्याकडे तो धाक नाही. मग उरतो तो वरिष्ठांचा धाक आणि कॅमेऱ्याचा.

कॅमेऱ्याचा उल्लेख सहज केलेला नाही. २०२५ मध्ये मुंबईतल्या मोठ्या स्थानकांवर सामान तपासणीच्या नावाखाली लांब पल्ल्याच्या प्रवाशांकडून पैसे उकळल्याच्या तक्रारी आल्या आणि लोहमार्ग पोलिसांतले काही कर्मचारी निलंबित झाले. ज्याच्या बॅगेत रोकड किंवा दागिने आहेत, जो परगावचा आहे, ज्याची गाडी दहा मिनिटांत सुटणार आहे, तो वाद घालत बसत नाही. उघड्यावरची तपासणी आणि कोपऱ्यातल्या खोलीतली तपासणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. नव्या संहितेचे कलम १०५ झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण करायला सांगते ते यासाठीच मोलाचे आहे.

कोणाची बॅग?

‘आम्ही रँडम तपासणी करतो’ असे म्हटले जाते तेव्हा विचारावे की निवड कशी करता. दर विसावा माणूस, ही रँडमच्या जवळ जाणारी पद्धत. ‘संशयास्पद वाटेल तो’ ही रँडम पद्धत नव्हे, ती त्या शिपायाच्या डोक्यातली प्रतिमा आहे.

ही प्रतिमा स्वतःला कशी खरी ठरवते ते पाहा. एका स्थानकावर अ गटाचे लोक २० टक्के आणि ब गटाचे ८० टक्के आहेत. दोन्ही गटांत शंभरात एकाकडे काहीतरी बेकायदा असते. पोलिसांनी हजार बॅगा तपासल्या, पण त्यांतल्या ८०० अ गटाच्या. सापडले काय? अ गटाचे ८, ब गटाचे २. संध्याकाळी अहवाल जातो : पकडलेल्या दहांपैकी आठ अ गटाचे. दुसऱ्या दिवशी अ गटाच्या ९०० बॅगा तपासल्या जातात. यात कोणीही खोटे बोललेले नाही. चूक पकडायची तर किती पकडले हे न बघता शंभर झडत्यांमागे किती सापडले हे बघावे. दोन्हीकडे ते एकच निघेल.

महाराष्ट्रात या आकडेमोडीला इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण स्थानकावर पारध्याच्या गाठोड्याकडे बघण्याची नजर कायद्याबरोबर रद्द झाली नाही. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ तुमच्यापैकी काहींच्या अभ्यासक्रमात असेल. पोलिसी संशयाच्या सावलीत वाढणे म्हणजे काय, याचे ते आतून लिहिलेले कथन आहे. नाव, टोपी, दाढी, भाषा, कळकट कपडे किंवा ईशान्येकडचा चेहरा, प्रत्येक शहराचा आपला असा अ गट असतो. तुम्ही परराज्यात शिकत असाल तर कदाचित तुम्हीही कुठेतरी अ गटात मोडता.

थांबवले तर

हात लावू न देता बॅग स्वतः उघडून दाखवा. हे विनयानेही सांगता येते. अधिकाऱ्याचे नाव आणि ठाणे विचारा. नावाची पट्टी दिसत नसेल तर तेही विचारा. बाजूच्या खोलीत नेऊ लागले तर इथेच, कॅमेऱ्यासमोर तपासा असे म्हणा. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यतेची पूर्ण काळजी घेऊन घ्यायची असते, यात सवलत नाही. काही जप्त झाले तर पंच आणि पावती मागा. धक्काबुक्की करू नका, सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लगेच चिकटतो. वाद पुढे न्यायचा असेल तर रेल्वेची १३९ आणि सर्वत्र ११२ ही मदत क्रमांकांची सोय आहे. आणि मोबाईल चोरीला गेला तर अर्जावर ‘गहाळ’ लिहू नका, ‘चोरी’ लिहा.

कुकरकडे परत येऊ. १ मार्च २०२४ रोजी बेंगळुरूच्या एका उपाहारगृहात बॅगेतला बॉम्ब फुटला. संशयित शहर बसने आला होता. तो कुठे चढला, कुठे उतरला, टोपी कुठे होती, याचा माग तपासकर्त्यांनी बसमधल्या आणि रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांच्या चित्रणातून काढत नेला, आणि पुढच्या महिन्यात पश्चिम बंगालमध्ये अटका झाल्या. स्फोट थांबला नाही, माग मात्र लागला. म्हैसूरच्या प्रकरणात तर पहिला दुवा बस स्थानकावर नव्हताच. तो दुसऱ्याच्या नावाच्या आधार कार्डावर दिलेल्या खोलीत होता, भाडेकरार करताना कोणीतरी तो कागद हातात धरून पाहिला होता.

स्वाध्याय

१. तुमच्या रोजच्या स्थानकाला किंवा बस थांब्याला एकूण किती वाटा आहेत ते प्रत्यक्ष मोजा. गर्दीच्या एका तासात किती लोक येतात याचा अंदाज करा. दोन टेबले ठेवली तर एका प्रवाशाची बॅग उघडली जाण्याची शक्यता काढा. मग एका बॅगेला वीसच सेकंद दिले तर ती किती वाढते आणि त्या वीस सेकंदांत कुकरचे झाकण निघेल का, ते लिहा.

२. ‘दर विसावा प्रवासी’ हा नियम फलाटावर पाळताना कोणत्या अडचणी येतील? एकविसावी आजी आणि विसावा तरुण एकत्र प्रवास करत असतील तर काय कराल?

३. सार्वजनिक वाहतुकीतील सामान तपासणीसाठी स्वतंत्र कायदा करायचा आहे असे समजून त्याची पाच कलमे लिहा. त्यातले एक कलम तपासणी नाकारणाऱ्या प्रवाशाविषयी आणि एक बॉम्ब शोधताना सापडलेल्या इतर वस्तूंविषयी असावे.